पीसीओएस आणि वाढते वजन: जनुकांचा वाटा किती, संप्रेरकांचा किती?

तुमचा प्रश्न असा आहे की, धाकट्या बहिणीचे आणि तुमचे खाणेपिणे जवळजवळ सारखे असूनही वजन तुमचेच का वाढते, आणि आईलाही हाच त्रास होता म्हणून हे सारे आनुवंशिक समजायचे का. पीसीओएसशी (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांशी निगडित विकार) माझी चौदा वर्षांची ओळख आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. नेदरलँड्समधील जुळ्या बहिणींच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो सुमारे 70 टक्के आढळला. मात्र हा विकार एका जनुकामुळे होत नाही. अनेक जनुकांचे छोटे छोटे परिणाम एकत्र येतात. वजनाचेही तसेच आहे. एफटीओ या जनुकाचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि वडील या दोघांकडूनही आला, तर सरासरी वजन सुमारे 3 किलोने जास्त असते, एवढेच. शिवाय जनुकीय अभ्यासांतून असेही दिसते की, मुळात वजन वाढण्याची प्रवृत्ती असेल तर पीसीओएसची शक्यता वाढते. म्हणजे ‘पीसीओएस झाला म्हणून वजन वाढले’ एवढीच ही गोष्ट नाही.

खरी गाठ आहे ती इन्सुलिनपाशी. या विकारात अनेक स्त्रियांचे स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत, त्यामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंडाला अधिकाधिक इन्सुलिन सोडावे लागते. पण अंडाशय मात्र त्याच वाढलेल्या इन्सुलिनला पुरेपूर प्रतिसाद देते आणि जास्त अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके, तयार करते. त्याच वेळी टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी बनते, म्हणून मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते आणि चरबी पोटाभोवती साठू लागते. पोटातील ही चरबी इन्सुलिनला होणारा विरोध आणखी वाढवते. भरीस भर म्हणजे, इन्सुलिन सतत चढलेले असले की साठलेली चरबी सहजासहजी वापरलीही जात नाही. ‘कमी खा’ एवढ्या सल्ल्याने आपल्यापैकी अनेकींचे समाधान होत नाही, ते यामुळेच.

माझ्या मानेवर मागच्या बाजूला काळसर, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा होता. तो मळ समजून मी दोन वर्षे कातडी लाल होईपर्यंत घासत राहिले. वाढलेल्या इन्सुलिनमुळे त्वचेच्या पेशी जास्त वाढतात आणि असा पट्टा उमटतो, हे मला फार उशिरा कळले. मी ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेले, त्या डॉक्टरांनी माझे वजन पाहिले, मान पाहिली नाही. याचे मला आजही वाईट वाटते, म्हणून सांगते: आरशात मान आणि काखा पाहा, आणि वजनासोबत कमरेचा घेरही मोजत जा.

75 ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहण्याच्या चाचणीविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. केवळ उपाशीपोटी केलेल्या तपासणीत काही दोष सुटून जातात. वजन जास्त असेल, तर त्यात 5 ते 10 टक्के घट झाली तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. 80 किलो वजनाला हे 4 ते 8 किलो झाले. व्यायामाला मी सर्वांत वरचे स्थान देते, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेऊ शकतो आणि वजनाचा काटा हलला नाही तरी हा लाभ मिळतो. मेटफॉर्मिन हे मधुमेहातही दिले जाणारे औषध घ्यावे की नाही, हे मात्र तपासण्या पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या.

एक गोष्ट बहिणीविषयी. इन्सुलिनला होणारा विरोध सडपातळ रुग्णांमध्येही आढळतो, आणि सख्ख्या बहिणींना या विकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिची पाळी अनियमित असेल, तर ती बारीक आहे म्हणून निर्धास्त न राहता तिचीही तपासणी करून घ्या.