‘टेक’ म्हणायच्या आधी

प्रश्न : मावशी, मी २९ वर्षांची, मिहानमध्ये नोकरी करते. काही वर्षांपासून क्लाइंबिंग करतेय. कर्नाटकातल्या बदामीच्या कातळावरच्या एका सेव्हन-ए ग्रेडच्या (बऱ्यापैकी कठीण) रूटमागे दोन हिवाळे लागले आहे. क्रक्सपर्यंत, म्हणजे रूटमधल्या सगळ्यात अवघड जागेपर्यंत छान पोचते, तिथे हात भरून येतात, मी ‘टेक’ (दोरी ताणून धर) ओरडते आणि दोरीवर बसते. दम घेतला की तीच मूव्ह जमते. यंदा ग्रुपमधली एक कॉलेजातली मुलगी तो रूट सहज करून गेली. तेव्हापासून सकाळी सरावाला जावंसंच वाटत नाही. आई म्हणते, ‘काऊन येवढा जीव जाळून राहिली व?’ माझ्यात जिद्दच नाही का?
– कातळवेडी, नागपूर

कातळवेडे,

नोकरी सांभाळून, रजा जुळवून, नागपूरहून दोनदा बदामी गाठणाऱ्या मुलीला जिद्द नाही, हे मी मान्य करणार नाही. तुझ्या पत्रात मला दुसरंच काही दिसलं. तू तिथे पडतच नाहीस. पडायच्या आधी ‘टेक’ म्हणतेस.

दम घेतल्यावर मूव्ह जमते, म्हणजे ताकद आहे. मग हात का भरतात? भीती वाटली की आपण होल्ड (कातळावरची हाताची पकड) गरजेपेक्षा जास्त आवळतो, श्वास रोखतो. आवळलेल्या स्नायूंना रक्त नीट पोचत नाही आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड होतो. तुला वाटतं हात गळाले म्हणून तू थांबलीस. मला वाटतं, शेवटचा क्विकड्रॉ (दोरी अडकवायची कड्यांची पट्टी) पायाखाली गेला तेव्हाच तुझं मन थांबलं होतं, हात नंतर गळाले.

म्हणून यंदा पुल-अप्स वाढवू नकोस, पडायचा सराव कर. एकटीने नाही, प्रशिक्षक आणि ज्याच्यावर तुझा पूर्ण भरवसा आहे असा बिलेयर (खालून तुझी दोरी सांभाळणारा) सोबत हवा. हेल्मेट घाल, गाठ आणि बिले एकमेकांचं तपासा, खाली आपटण्यासारखी कड नाही ना ते बघा. क्लाइंबिंग वॉलवर, जमिनीपासून भरपूर उंच गेल्यावर, आधी क्विकड्रॉ कमरेशी असताना दोरीवर सुट. मग गुडघ्याशी, मग पावलांखाली. क्विकड्रॉच्या मीटरभर वर असशील तर निदान दोन मीटर पडशील, त्यात दोरीचा ढील आणि ताण मिळवायचा. हे पोटाला कळायला वेळ लागतो, डोक्याला कळून भागत नाही. सुटताना श्वास सोड, दोरीला हात घालू नकोस, पाय दोरीच्या मागे अडकू देऊ नकोस. दर सरावात थोडंच कर. घाबरून घाबरून दहा वेळा पडलीस तर भीतीच पक्की होईल.

आणि बदामीला गेल्यावर रूट पूर्ण करायचा, हे ध्येय तूर्त बाजूला ठेव. क्रक्सवर ‘टेक’ न म्हणता पुढच्या होल्डला हात घालायचा, एवढंच. तो हात निसटून तू पडलीस, तर तो दिवस चांगला गेला असं वहीत लिही. खरंच लिही.

अमेरिकन क्लाइंबर केव्हिन जॉर्गसनचं नाव तू ऐकलं असशील. कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटन या कड्यावरची डॉन वॉल ही भिंत त्याने टॉमी कॉल्डवेलबरोबर जानेवारी २०१५ मध्ये पूर्ण केली, १९ दिवस भिंतीवर राहून. त्यात पंधराव्या पिचवर (चढाईच्या टप्प्यावर) तो जवळजवळ आठवडाभर अडकला होता. जोडीदार पुढे निघालेला, बोटांची कातडी फाटलेली, आणि सगळं जग बघत असलेलं. तो पडत राहिला. पण मला त्याचं दुसरं वागणं जास्त महत्त्वाचं वाटतं : कातडी भरून यावी म्हणून तो मध्ये चक्क थांबला. थांबणं म्हणजे हार, असं त्याने धरलं नाही. तूही धरू नकोस. आपल्याकडच्या ४५ अंशांत घामाने होल्ड निसटणारच, तेव्हा उन्हाळ्यात ग्रेडच्या मागे धावू नकोस. स्नायूंपेक्षा बोटांच्या कंडरा फार सावकाश बळकट होतात, त्यांना हे महिने दे.

त्या मुलीबद्दल. तिने रूट केला याचं वाईट वाटलं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तिचा बीटा (हातपाय कुठे, कसे ठेवायचे ती रीत) तिच्या उंचीचा, तिच्या हातांच्या लांबीचा. तू क्रक्सवर कुणाची तरी नक्कल तर करत नाहीस ना, हे एकदा तपास. पाय वीतभर वर घेतल्याने मूव्ह बदललेली मी पाहिली आहे. तिलाच सांग, ‘मी चढताना खालून बघ आणि पाय कुठे चुकतो ते सांग.’ तिला बरं वाटेल, तुलाही उपयोग होईल.

आईंचा प्रश्न मात्र टोमणा समजू नकोस. त्यांना तुझा उतरलेला चेहरा दिसतो, चढतानाचा कधी दिसलेला नाही. एका रविवारी त्यांना सरावाला घेऊन जा. बिले कसा देतात ते दाखव, दोरी हातात दे. आणि सध्या दोन आठवडे त्या रूटचा विचारही न करता नुसते सोपे, आवडते रूट चढ. त्यातही मजा आली नाही, तर मला पुन्हा लिही. तेव्हा आपण क्लाइंबिंगबद्दल नाही, तुझ्या थकव्याबद्दल बोलू.

– तुझी मावशी