सुतळीने बांधलेली चप्पल

सातारा,
ज्येष्ठ शुद्ध दशमी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. माऊलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालायचे तू ठरवले आहेस आणि दिंडीत भिशीचे, म्हणजे जेवणखाणाच्या वर्गणीचे, पैसेही भरून झाले आहेत, हे वाचून आनंद झाला. सामानाची यादी तू विचारपूर्वक केली आहेस. तिच्यात मी काही वाढवत नाही, उलट ती निम्मी कर असेच सांगेन. पत्रातले तुझे शेवटचे वाक्य मात्र मी दोनदा वाचले. "वाटेत कोणाचे उपकार घेण्याची वेळ येऊ नये, अशी तयारी करूनच निघणार आहे," असे तू लिहिले आहेस. माझे हे पत्र त्या एका वाक्यापुरतेच आहे.

आज दिसतो तो पालखी सोहळा १८३२ च्या सुमारास आकाराला आला आणि त्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळचे होते. ही शिस्त तू डोळ्यांनी पाहशीलच. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे क्रमांकाने चालणाऱ्या इतर दिंड्या, कोणी कुठे चालायचे, विसावा कुठे, मुक्काम कुठे, हे सारे ठरलेले असते आणि मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीच्या, वेळी चोपदाराने चोप (हातातला दंड) उंचावला की हजारोंचा टाळ क्षणात थांबतो. पण पालखी नीरा ओलांडून पाडेगावला आपल्या जिल्ह्यात शिरते, तेव्हापासून रस्त्याच्या दोन्ही कडांना जे चाललेले असते, ते कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसते. लोणंदला कोणी चुलवणावर अंघोळीचे पाणी तापवत असतो. तरडगावच्या वाटेवर कोणी फाटलेल्या पिशव्या शिवून देतो, कोणी दाढी करून देतो, कोणी दुकानाबाहेर फळीवर दहा-बारा प्लगांचा बोर्ड ठोकून अनोळखी लोकांचे मोबाईल चार्ज करत राखणीला बसतो. फलटण आणि बरडलाही तेच. यातले काहीच घ्यायचे नाही असे ठरवून निघालीस, तर तू निम्म्या वारीला पाठ करून चालशील.

मीही पहिल्या वर्षी तुझ्यासारखाच निघालो होतो. नोकरीची सुरुवात होती, खिशात पगार होता आणि आपण कोणाच्या दारात उभे राहणारे नव्हे, अशी एक ताठ समजूत होती. लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण होते, म्हणजे रांगांमध्ये उभ्या वारकऱ्यांमधून अश्व धावतात तो सोहळा. रिंगणात अश्व धावून गेले, त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला गर्दी लोटली आणि त्या रेटारेटीत माझ्या चपलेचा अंगठा मुळापासून उपटला. चप्पल हातात घेऊन अनवाणी चालू लागलो. नव्या चपलेने टाचेला आधीच फोड आला होता, तो आता फुटला. चप्पल शिवणाऱ्याकडे रांग इतकी लांब होती की तिथे थांबतो तर दिंडी पुढे निघून गेली असती.

तरडगाव जवळ आले तेव्हा मी एका घराच्या ओट्याला टेकलो. टेकलो म्हणजे केवळ हात लावून उभा राहिलो; बसलो नाही, कारण बसलो तर कोणी काही विचारील अशी धास्ती होती. आतून एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी माझ्या खिशातले पेन पाहिले, पाय पाहिला आणि सरळ रागावल्या. "मास्तर दिसताय. नवीकोरी चप्पल घालून कुणी वारीला निघतं व्हय?" दयेचा एक शब्द नाही. बादलीभर पाणी समोर आदळले, पाय धुवायला लावला, खोबरेल तेलाची वाटी दिली आणि घरातली एक जुनी चप्पल आणून टाकली. ती मला दोन बोटे मोठी होती. त्यांनी पोत्याचे तोंड बांधायची सुतळी घेतली, चपलेखालून दोन वेढे काढले, माझ्या पायाच्या घोट्यावर गाठ मारली आणि गाठ ओढून पाहिली, बैलाचे जू बांधल्यावर पाहतात तशी. मी पन्नासची नोट काढली. त्यांनी नोटेकडे पाहिलेसुद्धा नाही. "उठा आता, मागं माणसं खोळंबल्यात," म्हणाल्या. वळून पाहिले तर खरोखरच माझ्या मागे तिघेजण ओट्यावर जागा होण्याची वाट पाहत उभे होते. माझा सगळा स्वाभिमान त्या तिघांची जागा अडवून बसला होता.

पुढच्या वर्षी मी ती चप्पल स्वच्छ करून, वर्तमानपत्रात गुंडाळून परत नेली. मनात मोठा प्रसंग रचला होता. बाईंनी मला ओळखले नाही. "कसली चप्पल?" असे दोनदा विचारले. मला वाईट वाटले, हे कबूल करतो. वर्षभर मी ज्या ऋणाचे ओझे वागवत होतो, त्याची त्यांच्याकडे नोंदच नव्हती. त्यांनी पुडके सोडले आणि ओट्यावर पाय चोळत बसलेल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्यापुढे चप्पल ठेवली. "बघा, बसतीया का."

२०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, हे तुला आठवत असेल. त्यानंतर फलटणला एका ओळखीच्या कुटुंबाकडे गेलो होतो. विमानतळाच्या तळावर पालखी उतरते, त्या रात्री ते दरवर्षी पिठले-भाकरी करून घेऊन जातात. घरातले आजोबा म्हणाले, दोन वर्षे मोठे पातेले माळ्यावरून खाली आलेच नाही. त्यांनी हे ज्या आवाजात सांगितले, तो आवाज घरात काही अशुभ घडल्यावर निघतो तसा होता. कोणी घ्यायला आलेच नाही, तर देणाऱ्याचे काय होते, याचा विचार मी तोवर केलेला नव्हता.

म्हणून कोणी पेला पुढे केला तर "नको, माझ्याकडे आहे" असे म्हणू नकोस. पाणी पी, पेला विसळून दे, "माऊली" म्हणून हात जोड आणि लगेच उठ. पैसे पुढे करू नकोस. याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी चिडतो: फुकट मिळते म्हणून काहीजण चार ठिकाणची केळी पिशवीत कोंबतात आणि संध्याकाळी तीच तळावर तुडवली जातात. लागेल तेवढेच घे, ताटात टाकू नकोस. रात्री मात्र आपल्या राहुटीपासून एकटी लांब जाऊ नकोस. दिंडीचा क्रमांक पाठ ठेव आणि तो रथापुढचा की रथामागचा हेही लक्षात ठेव. चुकामूक झाली तर रस्त्यावरचा कोणीही तुला तेवढ्यावरून आपल्या माणसांत नेऊन सोडील.

माझे गुडघे आता साथ देत नाहीत, पण फलटणच्या मुक्कामी संध्याकाळी तुला भेटायला येईन. तुझ्या यादीत नवे बूट लिहिले आहेत. तू लोणंदला निघायला अजून जवळपास तीन आठवडे आहेत, ते आजपासूनच घालून रोज तासभर चालायला लाग. आणि खोबरेल तेलाची लहान बाटली सोबत असू दे, तुझ्यासाठी नाही तरी ओट्यावर शेजारी बसणाऱ्यासाठी.

तुझे,
सर