विहीर जानेवारीत आटते, पाचशे फूट बोअर मारू का?

प्रश्न (सांगोला तालुका): ओढ्याकाठी साडेतीन एकर डाळिंब आहे. पावसात ओढा दोन दिवस भरून वाहतो, पण विहीर जानेवारीतच तळाला जाते. पाचशे फूट बोअर मारू का? काठावरच्या बाभळी, करंज काढून ओढा सरळ आणि खोल करून घेऊ का?

उत्तर: बोअरची घाई करू नका. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं. शिवाय राज्याचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट किंवा त्याहून खोल विहिरींवर (बोअरही त्यात आली) निर्बंध घालतो.

झाडं तर मुळीच काढू नका, ही कळकळीची विनंती. काठ धरून ठेवतात ती मुळंच. उघड्या काठाची माती कशी खरवडून जाते ते ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत आपण पाहिलं. सरळ केलेल्या ओढ्यातून पाणी आणखी जोरात पळतं. साचलेला गाळ जरूर काढा, पण खालचा कठीण खडक फोडू नका.

एकरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी. हल्ली तेवढा पाऊस कधी कधी दोन-तीन तासांतच कोसळतो आणि जिरायच्या आत ओढ्याला लागतो. तो रानातच रोखायचा. मृगाच्या पावसावर उताराला आडव्या ओळीत खस किंवा मारवेल गवताचे ठोंब वीतभर अंतरावर लावा. मारवेल जनावरांना चाराही देतं, फक्त पहिले दोन पावसाळे शेळ्या आत येऊ देऊ नका. वरच्या घळींत अनघड दगडी बांध घाला.

विहीर पुनर्भरण, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी गाळून विहिरीत सोडणं, करताना बरेच जण गढूळ पाणी थेट विहिरीत सोडतात, मग झरे बुजतात. विहिरीपासून ३ मीटरवर २ मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वर जाड वाळू. तळातून पाइप विहिरीत. डाळिंबाला फवारण्या फार असतात, म्हणून बागेतलं वाहतं पाणी या खड्ड्याकडे वळवू नका. ते गवताच्या पट्ट्यातच जिरू द्या. याच विहिरीचं पाणी घरात पीत असाल तर हे कटाक्षानं पाळा.

दर पंधरवड्याला विहिरीची पातळी दोरीनं मोजून वहीत लिहा. पहिल्या वर्षी फरक थोडाच दिसेल, कारण गवत धरायला दोन पावसाळे लागतात. मार्चपर्यंतच्या नोंदी घेऊन कार्यालयात या. बागेतली किती झाडं त्या पाण्यावर जगतील, ते बसून ठरवू.