फॉस्टर केअरमध्ये मूल आणि कुटुंब यांची सांगड कशी घालतात? आम्हाला मूल निवडता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं चाळिशीत आहात, नऊ वर्षांची मुलगी आहे आणि सहा-सात वर्षांची एखादी मुलगी फॉस्टर केअरमध्ये घरी आणायचा विचार आहे. मूल कोण ठरवतं, आम्हाला पाहून निवडता येतं का, आणि नाही जमलं तर काय, हे तुमचे तीन प्रश्न. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात सतरा वर्षं बाल संरक्षणाचं काम केलं. इच्छुक कुटुंबांच्या गृहभेटी घ्यायच्या, अहवाल लिहायचे आणि मूल घरी गेल्यावर त्याची विचारपूस करायची, हेच माझं काम होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक घोळ दूर करू. दत्तक घेतलं की मूल कायमचं तुमचं होतं. फॉस्टर केअर, म्हणजे सरकारी कागदावरचं प्रतिपालकत्व, यात मूल तुमच्या घरी राहतं, तुमच्या ताटात जेवतं, पण त्याच्या जन्मदात्यांशी असलेलं नातं कायद्यानं तुटत नाही. आई मनोरुग्णालयात आहे, वडील तुरुंगात आहेत, दोघांपैकी कुणी सांभाळण्याच्या स्थितीत नाही, अशी ही मुलं. सहसा सहा वर्षांपुढची. कायद्यानं दत्तक देता येईल असं मूल सहसा दीर्घकाळासाठी फॉस्टर केअरमध्ये देत नाहीत. आपल्या राज्यातली बालसंगोपन योजना आणखी वेगळी. त्यातले महिना २२५० रुपये बहुतेक वेळा मुलाच्या एकट्या पालकाला किंवा आजी-मामा-काकांनाच मिळतात, मूल आपल्याच माणसांत राहतं. प्रतिपालक कुटुंबासाठी केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० रुपयांची तरतूद आहे.

मूल कुणाकडे जाणार हे बालकल्याण समिती ठरवते. अध्यक्ष आणि चार सदस्यांची ही समिती जिल्ह्यात असते आणि तिच्या आदेशाशिवाय मूल कुणाच्याही घरी जात नाही. तुम्ही अर्ज करता, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं घरी येतात, पोलिस पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी होते. इकडे मुलाचाही वेगळा अहवाल तयार असतो. हे दोन कागद शेजारी ठेवून जुळणी सुरू होते. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ४४व्या कलमात कुटुंबाची क्षमता, इच्छा आणि मुलं सांभाळण्याचा आधीचा अनुभव पाहावा असं म्हटलंय. पण त्यातला ‘इच्छा’ हा शब्द वाचायला मला फार वर्षं लागली. ते पुढे सांगते.

बालगृहात जाऊन मुलांमधल्या एकीकडे बोट दाखवता येत नाही. सुरुवातीच्या काळात एकदा मी एका जोडप्याला ‘नुसतं बघून या’ म्हणून आत जाऊ दिलं होतं. मुलींनी आपापल्या तेल लावून वेण्या घातल्या, गाणी म्हणून दाखवली. त्या दोघांनी खाऊ वाटला आणि निघून गेले. पुढे कितीतरी दिवस मुली मला विचारत होत्या, “ताई, ते काका-काकू परत कधी येणारेत?” तेव्हापासून मी एकाही कुटुंबाला असं आत सोडलं नाही. आधी कागदावर जुळलं पाहिजे, मग एकाच मुलाची आणि एकाच कुटुंबाची गाठ घालायची. तीही एकदम नाही. पहिल्यांदा बालगृहातच तासभर, मग बागेत किंवा बाजारात, मग एक रविवार घरी, मग एक रात्र मुक्काम. प्रत्येक वेळी परत आल्यावर मुलाला एकट्याला विचारायचं. मूल ‘नको’ म्हणालं तर तिथेच थांबायचं, कुटुंब कितीही चांगलं असलं तरी.

जुळवताना आम्ही काय बघायचो? शाळा बदलावी लागेल का, आईला भेटायला किती लांब जावं लागेल, घरात मांसाहार चालतो का. ही शेवटची गोष्ट लोकांना किरकोळ वाटते. पण मटणाचा रस्सा हीच ज्याची सणाची आठवण आहे, त्या पोराला ‘आपल्या घरात हे चालत नाही’ ऐकताना आपलं मूळच घाण आहे असं वाटू लागतं. भाषेचं तर त्याहून जास्त. तांड्यावरची एक सात वर्षांची मुलगी शहरातल्या एका प्रेमळ घरी पहिल्यांदा राहिली. रात्री ती ‘याडी, याडी’ म्हणून रडत होती आणि घरच्यांना वाटलं, काहीतरी दुखतंय. ते तिला रात्रीच दवाखान्यात घेऊन गेले. याडी म्हणजे आई. ऊसतोडीच्या आमच्या जिल्ह्यात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी कितीतरी मुलं समितीसमोर यायची आणि आमच्या यादीतल्या कुटुंबांत ती बोली येणारं घर क्वचितच असायचं. तरी निदान दहा-बारा शब्द शिकून घ्यायला तयार असलेलं घर शोधता येतं, आणि ते शोधायलाच हवं.

भावंडांचंही सांगते, कारण तुम्हाला ‘एक मुलगी’ हवी आहे. भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्व प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो, त्यांच्या हिताआड येत असेल तरच वेगळं. सहा-सात वर्षांच्या मुलीला लहान भाऊ असण्याची शक्यता बरीच असते. दोघांना घ्यायची तयारी असेल तर अर्ज करतानाच सांगा. नसेल तरीही स्पष्ट सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग भावाला नियमित भेटवण्याची जबाबदारी तुमची.

आता त्या ‘इच्छा’ शब्दाबद्दल. माझ्याकडे एक अर्ज आला होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. दोघंही शिकलेले, स्वतःचं घर, पोटचं मूल नाही, घरात पुस्तकं, अंगणात झोपाळा. दहा वर्षांची एक मुलगी होती, आई मानसिक आजारावर उपचार घेत होती. गृहभेटीत त्या बाईंनी मला विचारलं, “तिची आई परत येणार नाही ना?” मी नियम सांगितला की आई बरी झाली तर समिती विचार करेल. चहा घेताना त्यांनी पुन्हा विचारलं. निघताना फाटकाशी तिसऱ्यांदा. मी अहवालात लिहिलं, ‘कुटुंब मुलीबद्दल अत्यंत उत्सुक आहे.’ एवढंच मला ऐकू आलं होतं.

चार महिन्यांत ती मुलगी परत आली. सांगायची कारणं वेगळी होती. ती उशीखाली पोळ्या लपवते, खोटं बोलते, अभ्यासात लक्ष नाही. उपासमार काढलेली मुलं अन्न लपवतात, हे मी त्यांना आधी समजावून सांगायला हवं होतं, ती माझी चूकच. पण खरी ठिणगी पडली होती ती आईच्या भेटीनंतर. दर महिन्याला मुलगी आईला भेटून आली की दोन दिवस गप्प असायची, आणि त्या बाईंना ते गप्प बसणं सहन व्हायचं नाही. त्या वाईट नव्हत्या. त्यांना दत्तक मूल हवं होतं, आणि दत्तकाची रांग लांब म्हणून त्या या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. ती मुलगी बालगृहात परतली तेव्हा तिनं मला एकच विचारलं, “मी काय केलं असतं तर ठेवलं असतं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट. बारा वर्षांचा मुलगा, वडील तुरुंगात, आई वारलेली. अर्ज होता पन्नाशीतल्या एका विधवा बाईंचा. पिठाची गिरणी, दोन खोल्या, शिक्षण सातवी. कागदावर हे घर खालच्या नंबरावर होतं आणि ‘एकटी बाई वाढत्या वयाच्या मुलाला कशी आवरेल’ असं आमच्यातल्याच एकीनं म्हटलं. नियमाप्रमाणे एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणाचीही प्रतिपालक होऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगाच देता येतो. तोपर्यंत मी शहाणी झाले होते. मुलाच्या वडिलांचं सांगून झाल्यावर मी गप्प बसले आणि त्या काय म्हणतात याची वाट पाहिली. त्या म्हणाल्या, “मग भेटायला न्यावं लागंल की त्याला. यष्टीनं दीड तास लागतोय. गुरुवारी गिरणी बंद असती, गुरुवारी नेईन.”

मी तिथेच ठरवलं. तो मुलगा त्यांच्याकडे सव्वादोन वर्षं राहिला, वडील सुटल्यावर समितीच्या आदेशानं त्यांच्याकडे गेला. आठवीची सहामाही तोंडावर होती म्हणून परीक्षा होईपर्यंत बापच येऊन गिरणीवर भेटत होता.

त्यामुळे मी तुमच्या घरी आले असते तर उत्पन्नाचा दाखला नंतर पाहिला असता. आधी तुम्हाला मुलीच्या आईबद्दल बोलायला लावलं असतं आणि ‘ती बरी झाली तर?’ या वाक्यावर तुमचे चेहरे पाहिले असते. हे तुम्ही दोघांनी आजच, अर्ज करण्याआधी, एकमेकांशी बोला. एकाचं होकारार्थी आणि दुसऱ्याचं ‘बघू’ असेल तर थांबा. दोन वर्षं एकाच कुटुंबात राहिलेलं मूल पुढे कायद्यानं दत्तकासाठी मोकळं झालं तर त्या कुटुंबाला दत्तक घेता येतं, पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. पण त्या आशेवर सुरुवात करू नका.

तुमच्या मुलीशीही बोला. नवं मूल तिच्याहून लहान असेल तर तिचं थोरलेपण टिकतं आणि जुळायला सोपं जातं, हा माझा अनुभव. ‘तुला बहीण आणतोय’ असं मात्र सांगू नका. बहीण परत जात नसते. ‘एक मुलगी काही काळ आपल्याकडे राहणार आहे’ इतकंच सांगा. मी गृहभेटीत घरातल्या मुलांशी नेहमी गच्चीवर किंवा अंगणात वेगळं बोलायचे, आईबापांसमोर ती ‘हो’च म्हणतात.

नाही जमलं तर काय, हे विचारलंत ते बरं केलंत. फारच थोडे लोक विचारतात. दर महिन्याला तपासणीसाठी माणूस येतो, त्याच्यासमोर घर आवरून आणि हसरे चेहरे करून बसू नका. तिसऱ्या आठवड्यात त्रास होत असेल तर तिसऱ्याच आठवड्यात सांगा, समुपदेशनाची मदत मागा. मुलाला दुसरीकडे हलवण्याचा अधिकार समितीचा आहे आणि ती मदतीनंतरची पायरी आहे. फक्त चिडून एकदाही ‘परत पाठवीन’ म्हणू नका. हे वाक्य त्या मुलांनी आयुष्यात बरंच ऐकलेलं असतं.

यादीत कुटुंबं कमी असतात हे खरं, तीन-चार घरांतून जुळवायचं म्हणजे हात बांधल्यासारखं होतं. तरीही माझं मत असं, की न जुळणाऱ्या घरी पाठवण्यापेक्षा मुलानं अजून चार महिने बालगृहात थांबावं. माझे सहकारी यावर माझ्याशी भांडायचे. त्या दहा वर्षांच्या मुलीनंतर मी माझं मत बदललं नाही.

अर्जासाठी तुमच्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जा, किंवा दत्तकाचं काम पाहणाऱ्या ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी करा. मूल ठरलं की त्याच्या काळजीवाहक ताईंना गाठा आणि विचारा, ते झोपताना काय करतं, कशाला घाबरतं, भाकरी खातं की पोळी, आईला काय म्हणून हाक मारतं. पहिल्या रात्री दिवा चालू ठेवा. तिचं नाव बदलू नका, लाडाचंही नवं ठेवू नका. फोटो स्टेटसला लावू नका, अशा मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई आहे. आणि तुम्हाला काय म्हणायचं ते तिला ठरवू द्या. काकू म्हणाली तर काकू.