मत कधी दिलं, ते आधी विचारा

वाचकांचे प्रश्न : अमेरिकन फुटबॉल

सुपर बोल, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल हंगामाचा अंतिम सामना, जवळ आला की या सदराकडे दोनच विषयांची पत्रं येतात. एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार, कुणाला मिळायला हवा होता, आणि साइडलाइनवर (मैदानाच्या कडेला) माइक घेऊन उभी असलेली बाई नेमकं करते काय. बरीच वर्षं ओहायोतल्या एका टीव्ही केंद्राच्या प्रक्षेपण व्हॅनमध्ये मी कॉलेज फुटबॉलचे शनिवार काढले आहेत, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा जास्तच बोलेन.

ताई, आम्ही बाल्टिमोरजवळ राहतो. २०२४ च्या हंगामात आमच्या लामार जॅक्सनचे आकडे बफेलोच्या जॉश ॲलनपेक्षा सरस होते. मतं देणाऱ्या त्याच ५० पत्रकारांनी ऑल-प्रो संघाचा (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा कागदावरचा संघ) पहिला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) म्हणून जॅक्सनलाच निवडलं आणि एमव्हीपी मात्र ॲलनला दिला. हा अन्याय नाही का? माझे मेहुणे बफेलोचे. ते म्हणतात, प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) आम्ही तुम्हाला हरवलं, विषय संपला.

मेहुण्यांचा मुद्दा आधी निकालात काढते, कारण तो या वादात मोजायचाच नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था देते त्या एमव्हीपीची मतं साखळी सामने संपल्यावर आणि प्लेऑफ सुरू होण्याआधी दिली जातात. बफेलोने बाल्टिमोरला २७-२५ असं हरवलं ते १९ जानेवारी २०२५ ला. बाल्टिमोरच्या मार्क अँड्र्यूजच्या हातून बरोबरीचे दोन गुण देणारा तो चेंडू निसटला तेव्हा मतं देऊन झाली होती. निकाल जाहीर झाला ६ फेब्रुवारीला, न्यू ऑर्लिन्समध्ये. मधल्या आठवड्यांत आपण सगळे प्लेऑफ बघतो आणि नंतर त्याच डोळ्यांनी निकालाकडे पाहतो. म्हणून कुठल्याही पुरस्काराच्या वादात माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: मत कोणत्या दिवशी दिलं, आणि त्या दिवशी मतदारासमोर काय होतं?

आता तुमच्या तक्रारीकडे येते. जॅक्सनने त्या हंगामात ४,१७२ यार्ड पासिंग केलं (चेंडू फेकून संघाला तेवढं पुढे नेलं), ४१ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले आणि फक्त ४ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) दिली. वर धावून ९१५ यार्ड काढले. एकाच हंगामात ४,००० यार्ड पासिंग आणि ९०० यार्ड धाव, हे त्याआधी कुणालाही जमलं नव्हतं. ॲलनचे आकडे ३,७३१ यार्ड, २८ टचडाउन, ६ इंटरसेप्शन, धावून ५३१ यार्ड आणि १२ टचडाउन. सप्टेंबरात हे दोन संघ समोरासमोर आले तेव्हा बाल्टिमोर ३५-१० ने जिंकलं होतं. माझ्या हातात मतपत्रिका असती तर मी पहिलं नाव जॅक्सनचंच लिहिलं असतं.

तरीही मी याला अन्याय म्हणणार नाही. ॲलनला पहिल्या पसंतीची २७ मतं पडली, जॅक्सनला २३. पहिल्या पसंतीला १० गुण, मग ५, ३, २, १ या पद्धतीने ॲलनचे ३८३ आणि जॅक्सनचे ३६२ झाले. दोघंच मतं खेचत होते आणि अंतर थोडं होतं. ॲलनची बाजूही भक्कम होती. त्याचे पास झेलणारा प्रमुख खेळाडू स्टेफॉन डिग्ज हंगामाआधीच ह्यूस्टनला गेला होता, तरी संघ १३ सामने जिंकला आणि ४ हरला. जॅक्सनच्या बाजूला मात्र १,९२१ यार्ड धावणारा डेरिक हेन्री होता. हाताशी कमी माणसं असताना ज्याने संघ वर नेला त्याला मत द्यावं, असं एखाद्याला वाटलं तर मी त्याच्याशी तासभर वाद घालीन, पण त्याच्या हेतूवर शंका घेणार नाही. माझा आक्षेप आहे तो ‘जॅक्सनला २०१९ आणि २०२३ मध्ये मिळालाच आहे, आता दुसऱ्याला मिळू दे’ या कारणावर. हंगाम एका वर्षाचा असतो, त्यात आधीच्या वर्षांचा हिशेब घुसवायचा नाही.

ऑल-प्रोच्या विसंगतीबद्दल तुम्ही विचारलंत ते रास्त आहे. ज्या मतदाराने एका कागदावर जॅक्सनला सर्वोत्तम क्वार्टरबॅक म्हटलं आणि दुसऱ्यावर ॲलनला एमव्हीपी, त्याने त्याचं कारण द्यायला हवं. २०२३ मध्ये जॅक्सनला ५० पैकी ४९ पहिली मतं मिळाली. उरलेलं एक मत ॲलनला होतं. ते देणाऱ्याने ते उघडपणे सांगितलं, कारणं लिहिली आणि लोकांचा भडिमार सोसला. मला त्याचं मत पटलं नव्हतं, पण त्याने जे केलं ते सगळ्या ५० जणांनी दर वर्षी करावं असं मला मनापासून वाटतं. नाव द्या, कारण द्या. काही जण स्वतःहून देतातच. एकदा कारण समोर आलं की तुमचं आणि मेहुण्यांचं भांडण निदान योग्य मुद्द्यावर तरी होईल.

माझा मुलगा शाळेच्या संघात डिफेन्समध्ये खेळतो. त्याच्यासारख्यांना एमव्हीपी कधी मिळतो का?

मिळालेला आहे, दोनदा. मिनेसोटाच्या ॲलन पेजला १९७१ मध्ये आणि न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरला १९८६ मध्ये. १९८२ च्या खेळाडूंच्या संपाने तुटलेल्या हंगामात तर मार्क मोझली या किकरला (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणाऱ्याला) मिळाला होता. क्वार्टरबॅक सोडून शेवटचा मानकरी एड्रियन पीटरसन, २०१२. त्याने धावून २,०९७ यार्ड काढले, एरिक डिकरसनच्या १९८४ च्या विक्रमापेक्षा ८ कमी. तेव्हापासून फक्त क्वार्टरबॅक. प्रत्येक डावाला चेंडू ज्याच्या हातातून जातो त्याचं पारडं जड राहणारच, हे मला मान्य आहे. पण मतपत्रिकेवर पाच नावं लिहायची सोय २०२२ पासून आहे, मग तिसऱ्या-चौथ्या जागेवर तरी डिफेन्सचा माणूस अधिक वेळा दिसायला हवा.

सुपर बोलचा एमव्हीपी हरलेल्या संघातल्या खेळाडूला मिळाला होता म्हणे. हे कसं काय? आणि तो कोण ठरवतं?

एकदाच मिळाला. (हा त्या एका सामन्यापुरता वेगळा पुरस्कार.) जानेवारी १९७१, मायामी, पाचवा सुपर बोल. डॅलसचा लाइनबॅकर (डिफेन्समधला खेळाडू) चक हाउली. त्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून ११ वेळा चेंडू गमावला आणि शेवटची ५ सेकंदं उरली असताना जिम ओब्रायनच्या किकवर बाल्टिमोर १६-१३ जिंकलं. दोन इंटरसेप्शन घेणारा हाउलीच त्या गोंधळात उठून दिसला. मला तो निर्णय आजही धाडसी आणि बरोबर वाटतो.

आता १६ पत्रकार आणि प्रक्षेपक यांच्या मताला ८० टक्के आणि चाहत्यांच्या मताला २० टक्के वजन असतं. इथेही वेळेचाच प्रश्न येतो, कारण शेवटची शिट्टी वाजण्याआधीच मतं गोळा व्हायला लागतात. फेब्रुवारी २०१५ चा सामना आठवा. पिछाडीवरचा सिॲटल अगदी गोल लाइनवर (जिच्यापलीकडे टचडाउन), २० सेकंद उरलेली, आणि न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने त्यांचा पास मध्येच झेलला. न्यू इंग्लंड २८-२४ ने जिंकलं. पुरस्कार मिळाला चार टचडाउन पास टाकणाऱ्या टॉम ब्रेडीला, आणि ब्रेडीने बक्षिसाची गाडी बटलरला दिली. दोन वर्षांनी न्यू इंग्लंडने अटलांटाविरुद्ध २५ गुणांची पिछाडी भरून काढली तेव्हा पुन्हा ब्रेडीच. १४ झेल आणि २० गुण एकट्याच्या नावावर असलेला त्याच संघाचा जेम्स व्हाइट तसाच राहिला. तिथे मात्र मी मतदारांवर नाराज आहे. व्हाइटने जे केलं ते सामनाभर सगळ्यांसमोर होतं, घाईचं कारण चालणार नाही.

खरं सांगा, साइडलाइन वार्ताहराची गरज आहे का? दमलेल्या कोचला ‘कसं वाटतंय’ विचारायचं, यापलीकडे मला तरी काही दिसत नाही.

तुम्हाला दिसतं ते वीस सेकंदांचं असतं. व्हॅनमध्ये बसून मी जे पाहत होते ते सांगते. सामन्याआधी वार्ताहर दोन्ही संघांच्या कोचना आणि प्रमुख खेळाडूंना भेटून आलेली असते. सामना सुरू झाला की बाकांच्या कडेने उभं राहायचं, कानात प्रोड्यूसरचा आवाज, समोर हजारोंचा गोंगाट. निळ्या तंबूत (जिथे डॉक्टर दुखापत तपासतात) कोण गेलं, हेल्मेट कुणाचं काढून ठेवलं, कोणता खेळाडू डॉक्टरांशी हुज्जत घालतोय, हे टिपत राहायचं. मग संघाच्या माणसाकडून अधिकृत निरोप घ्यायचा: परतण्याची शक्यता अनिश्चित, की आता खेळणारच नाही. हे सगळं कानात प्रोड्यूसरला सांगायचं आणि वाट बघायची. दहांतल्या आठ गोष्टी प्रक्षेपणात येतच नाहीत, कारण मैदानावर खेळ चालू असतो. आमच्याकडची वार्ताहर पावसात वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लिहायची. तिची एकही ओळ वापरली नाही असे शनिवार मी पाहिले आहेत, आणि पुढच्या शनिवारी ती तितकीच तयारी करून यायची.

गरज कधी कळते? ३ फेब्रुवारी २०१३, सुपर बोल, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम. बाल्टिमोरच्या जॅकोबी जोन्सने किकऑफचा चेंडू घेऊन १०८ यार्ड धाव काढली, बाल्टिमोर २८-६ ने पुढे गेलं, आणि थोड्याच वेळात अर्ध्या स्टेडियमची वीज गेली. खेळ ३४ मिनिटं थांबला. वर समालोचन कक्षातल्या जिम नँट्झ आणि फिल सिम्सचा आवाज बंद. अशा वेळी देशाला काय झालंय ते सांगितलं साइडलाइनवरच्या स्टीव्ह टास्करने. तो स्वतः बफेलोचा जुना खेळाडू. तुम्ही ज्यांना जादा समजता त्यांच्याच हातात तेव्हा चालू माइक होता.

किंवा २ जानेवारी २०२३, सिनसिनाटी. बफेलोचा डमार हॅमलिन टॅकल करून (समोरच्याला अडवून पाडून) उठला आणि कोसळला, हृदय बंद पडलं होतं. मैदानावरच छाती दाबणं चालू, खेळाडू भोवती कडं करून गुडघ्यांवर. साइडलाइन वार्ताहर लिसा सॉल्टर्स तिथे उभी होती. अशा वेळी तर्क करायचा मोह किती असतो ते व्हॅनमध्ये बसलेल्यालाच ठाऊक. त्या रात्रीचं प्रक्षेपण मी आजही चांगल्या कामाचा नमुना म्हणून धरते, कारण जे कळलं नव्हतं ते कुणी रंगवून सांगितलं नाही.

कोचच्या मुलाखतीबद्दल तुमचं निम्मं खरं आहे. मध्यंतराला बोगद्याकडे पळणाऱ्या कोचकडून फारसं काही मिळत नाही. पण नेमका प्रश्न विचारला तर मिळतं. १९ जानेवारी २०१४ ला सिॲटलने सॅन फ्रान्सिस्कोला २३-१७ हरवलं. सिॲटलच्या रिचर्ड शर्मनने प्रतिस्पर्धी क्रॅबट्रीकडे येणारा चेंडू उडवला, सहकारी माल्कम स्मिथने तो झेलला. पुढच्याच क्षणी शर्मन वार्ताहर एरिन अँड्र्यूजच्या माइकवर गरजला. लोक अजून त्याच्या ओरडण्याबद्दल बोलतात. मी तिच्याबद्दल बोलते. ती मागे सरकली नाही, तिने लगेच विचारलं, तुझ्याबद्दल कोण बोलत होतं? उत्तरात नाव आलं. छोटा, कामाचा प्रश्न. (आणि तो झेल घेणारा स्मिथ दोन आठवड्यांनी सुपर बोलचा एमव्हीपी ठरला, तोही लाइनबॅकर. डिफेन्समधल्या मुलाच्या आईने हे त्याला जरूर सांगावं.)

म्हणूनच २०२३ च्या नोव्हेंबरात एका प्रसिद्ध निवेदिकेने, कोच वेळेवर भेटला नाही तेव्हा आपण कधीकधी मध्यंतराचा वृत्तांत मनानेच रचला, असं सांगितलं तेव्हा मला फार लागलं. कुणाच्या तोंडी खोटे शब्द घातले नाहीत, असं तिने नंतर स्पष्ट केलं. तरीही. पावसात उभं राहून खरं तेवढंच आणणाऱ्या बायांच्या शब्दावर त्या एका वाक्याने शंका आली. कोच भेटला नाही तर ‘कोच भेटला नाही’ असं सांगता येतं, त्यात कमीपणा नाही. मतदाराकडून मी जे मागते तेच वार्ताहराकडून मागते: त्या क्षणी जे ठाऊक होतं तेवढं बोला, आणि ते कुठून कळलं ते सांगा.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे आणि मला साइडलाइन वार्ताहर व्हायचंय. घरचे म्हणतात, तिथे दिसण्याला किंमत आहे, कामाला नाही. काय करू?

घरच्यांना लेस्ली व्हिसरबद्दल सांग. १९७० च्या दशकात बॉस्टन ग्लोबसाठी ती न्यू इंग्लंड पेट्रियट्सचं वार्तांकन करायची, तेव्हा प्रेस बॉक्समध्ये बायकांना आणि मुलांना मज्जाव आहे असं तिच्या प्रवेशपत्रावरच छापलेलं असायचं. १९९५ मध्ये सुपर बोलच्या साइडलाइनवरून वार्तांकन करणारी ती पहिली स्त्री ठरली आणि २००६ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचा सन्मान मिळवणारीही. दिसण्याची टिप्पणी तुला ऐकावी लागेल, ते मी लपवणार नाही. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये अटलांटाला सुपर बोल संपल्यावर वार्ताहर ट्रेसी वुल्फसन छायाचित्रकारांच्या रेटारेटीत चेंगरत ब्रेडीपर्यंत कशी पोचली ते शोधून बघ. त्या गर्दीत तिचा चेहरा धड दिसतही नव्हता, आणि मुलाखत तिलाच मिळाली.

आता कामाचं. सामना बघताना आवाज बंद कर आणि बाकांकडे बघून वहीत लिही, कोण आत गेलं, कोण बाहेर आलं. मग आवाज लावून ताडून पाहा. नियमांचं पुस्तक वाच, कारण दुखापत आणि टाइमआउट यांचे नियम येत नसतील तर डोळ्यासमोर घडलेलं कळत नाही. प्रश्न सात-आठ शब्दांत संपवायची सवय कर. ‘त्याबद्दल सांगा’ हा प्रश्न नव्हे, तो टाळ. आणि तुझ्या कॉलेजमध्ये सामन्यांचं प्रक्षेपण विद्यार्थी चालवत असतील तर सत्र सुरू होताच नाव दे. सुरुवातीला केबल गुंडाळायचं काम आलं तरी घे, कारण केबलवाली पोरगी साइडलाइनवरच उभी असते.