पहाटे उठवत नाही म्हणतोस

लेकरा,

पोलीस भरतीसाठी पंधरा दिवस जोरात पळालास आणि आता पहाटे अंथरूण सोडवत नाही, असं लिहिलंस. यात आळस थोडा, घाई जास्त आहे. रोज १६०० मीटर जीव तोडून पळालं की दमसास लवकर वाढतो, पण नडगीचं हाड तेवढ्या लवकर घट्ट होत नाही. मग पाय ठणकतात, झोप बिघडते आणि मन त्या रोजच्या छळाला नाही म्हणतं.

म्हणून आधी वेग कमी कर. आठवड्यातून चारच दिवस पळ. त्यातले तीन दिवस सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच वेगानं: चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं सहा वेळा. चौथ्या दिवशी घड्याळ लाव. ४०० मीटरच्या चार फेऱ्या मार, मध्ये दोन-दोन मिनिटं थांब. सध्या १६०० ला ६ मिनिटं ४० सेकंद लागतात ना, मग प्रत्येक फेरी ९५ सेकंदांची, चारही सारख्या. पहिली ८५ मध्ये आणि शेवटची ११० मध्ये आली, तर सुरुवातच चुकली असं समज.

दोन दिवस जोर, बैठका आणि गोळाफेक. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत १६०० मीटरला २० आहेत. गोळ्याला आणि १०० मीटरला १५-१५, हे विसरू नको. सातवा दिवस आरामाचा. सोयाबीनची काढणी सुरू असली की त्या दिवशी बैठका नकोत, रानातलं काम व्यायामातच धर.

बूट, मोजे, पाणी रात्रीच दाराशी ठेव. मोबाईल दुसऱ्या खोलीत. अगदीच नको वाटलं तर दहा मिनिटं पळ आणि परत ये. ही मोकळीक मनापासून दे. बहुतेक वेळा दहा मिनिटांनंतर परत फिरावंसं वाटत नाही. एक दिवस चुकला तर चुकू दे, लागोपाठ दोन नकोत. आणि भरपाई म्हणून दुप्पट पळू नको, पाय तिथंच बिघडतात.

एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आत आटप. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती बुटाला चिकटून पाय जड करते, तेव्हा मुरमाची वाट धर. आल्यावर भिजवलेले हरभरे, अंडी, भाकरी खा. पावडरच्या डब्यावर पैसे घालू नको.

वेळ रोज मोजू नको, चार आठवड्यांनी मोज. चार सेकंद कमी झाले तरी वहीत लिहून ठेव. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या धावपटू अविनाश साबळेचं २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं. आकडा उतरताना दिसला की उठायला कारण मिळतं, ते दुसऱ्या कुणाच्या भाषणातून मिळत नाही.

आता एक कर. नडगीच्या हाडावरून बोट फिरव. सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर आठवडाभर नुसतं चाल. एकाच जागी, बोटाएवढ्या भागात कळ येत असेल तर पळणं बंद ठेव, डॉक्टरला दाखव आणि मला कळव.