तुझ्या एकांकिकेतली कोळीण
एकांकिका वाचली. संवादाचा कान आहे तुला. पण कोळीण पुन्हा तीच, कजाग, नाहीतर किनाऱ्यावर नवऱ्याची वाट बघत रडणारी. एकदा संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला जा रे. भावासाठी अडून बसणारी, पाटी डोक्यावर घेऊन निघालेली, पैशांचा हिशेब तोंडपाठ असलेली बाई बघ. होडी बहुतेक पुरुष नेतात. मासळीचा पैसा होतो तो बायकांच्या हातून.

कोकणातल्या दशावतारी नाटकातही स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषांकडेच, म्हणजे बाईने लाजावं कसं हेही पुरुषांनीच ठरवलेलं! गणपतीतल्या नाटकाला पुढच्या रांगेत बसलेल्या पोरी हेच बघत मोठ्या होतात. पोरंही.

तुझ्या कोळणीला एखादा निर्णय घेऊ दे, चुकीचा असला तरी चालेल.